हिरव्या ठिपक्याखालचा सम्राट

दत्तप्रसाद परुळेकरांना कुणी जेवायला बोलावले, की त्यांच्या पत्नी छायाबाई काहीतरी निमित्त काढून टाळायला बघायच्या. यजमानीण भाजीचे भांडे घेऊन समोर उभी असताना हा गृहस्थ ताटली उचलणार, डोळ्यांच्या पातळीला धरून तिची कड न्याहाळणार, नखाने एक टिचकी मारून कान देणार आणि मग देवाच्या मूर्तीला लावावा तसा हलका हात लावून ती पालथी करणार, हे ठरलेले असे. अजमानला सुदेश या मित्राच्या नव्या घरी तर ताटलीत कोशिंबीर वाढून झाली आहे, हेही त्यांच्या ध्यानात आले नाही. कोशिंबीर टेबलावर सांडली आणि सुदेशचा धाकटा अंश शांतपणे म्हणाला, "अंकल, इट्स फ्रॉम द सुपरमार्केट." परतीच्या वाटेवर शारजा मागे पडेपर्यंत छायाबाई खिडकीबाहेर बघत बसल्या.

खोड पोटापाण्यातून आलेली, म्हणून जाण्यासारखी नव्हती. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका टाइल्सच्या कारखान्यात दत्तप्रसाद गुणवत्ता तपासणीचे प्रमुख होते. माती, झिलई आणि आच या तिघींचे कुठे जुळते आणि कुठे बिनसते, हे पाहण्यात त्यांची हयात गेली. तरुणपणी एका प्रदर्शनात, काचेआड, रशियाच्या सम्राटांच्या कारखान्यात घडलेली एक खोलगट बशी त्यांनी पाहिली. इतकी पातळ, की पलीकडच्या दिव्याचा उजेड तिच्यातून दुधासारखा झिरपत होता. माणसाच्या हाताने आणि लाकडाच्या आगीने हे साधावे, याचे आश्चर्य त्यांच्या मनातून पुढे कधीच ओसरले नाही.

तेव्हापासून जुमेरा लेक्स टॉवर्समधल्या त्यांच्या घरात एक काचेचे कपाट भरत गेले. त्यात रशियन बश्या होत्या, किटलीची झाकणे होती, कान तुटलेला एक कपही होता. पैकी कित्येकांच्या तळाशी दुतोंडी गरुड होता, आणि पाहुणे तो गरुड पाहून माना डोलवीत. दत्तप्रसाद त्यांचा भ्रम तत्काळ दूर करीत. गरुड पाहून हुरळावे ते नवशिक्याने, असे त्यांचे म्हणणे. दरबाराला माल पुरवणाऱ्या खाजगी कारखानदारालाही तो मिरवण्याची मुभा मिळत असे. सम्राटाच्या स्वतःच्या कारखान्याची खूण निराळी: त्याच्या नावाचे आद्याक्षर आणि त्यावर मुकुट, तेही झिलईच्या खाली, म्हणजे मातीच्या अंगातच मुरलेले. "गरुड परवान्याने मिळतो," ते बजावीत, "अक्षर एकाच माणसाचे असते." यावर कुणी सहज "असेल" म्हटले, तरी त्यांना ते चालत नसे, "असेल" नव्हे, "आहे" असे कबूल करून घेईपर्यंत पाहुण्याची सुटका नव्हती. आणि एवढे सगळे सांगणाऱ्या माणसाच्या कपाटात ते अक्षर मात्र एकाही तुकड्यावर नव्हते. हे शल्य फक्त छायाबाईंना ठाऊक होते.

समोरच्या दारात नीना अर्काद्येव्हना राहत. सेंट पीटर्सबर्गच्या. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, आणि नवरा गेल्यावर मुलाकडे दुबईला आलेल्या. रशियन माणूस नावापुढे बापाचे नाव जोडून हाक मारतो, हे कळल्यावर दत्तप्रसादांना कोण आनंद झाला होता. आपल्याकडेही मधले नाव बापाचेच, असे त्यांनी सोदाहरण पटवून दिले, आणि त्या दिवसापासून ते नीनाबाईंसाठी "दत्तप्रसाद सूर्यकांतविच" झाले. छायाबाईंनी असल्या भानगडीत न पडता सरळ "नीनाताई" म्हणायला सुरुवात केली.

या दोन दारांमधला व्यवहार भांड्यांचा होता. प्रथम छायाबाईंनी स्टीलच्या डब्यातून पुरणपोळ्या पाठवल्या. नीनाताईंनी डबा घासून परत आणला, तेव्हा तो रिकामा पाहून छायाबाईंचा चेहरा उतरला. दुसऱ्याचे भांडे रिकामे परत करीत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात, हे त्यांनी अर्ध्या इंग्रजीत अन् अर्ध्या हिंदीत समजावले. नीनाताईंना वाटले ही काही स्पर्धा आहे, आणि गणिताच्या बाईने स्पर्धेत मागे राहणे शक्य नव्हते. तेव्हापासून डबा गेला की पनीरच्या गोड टिक्क्या येत, त्यांची बशी परत जाताना अळूवड्या नेई, बीटचे सूप येई, सोलकढी जाई. शेवटच्या पदार्थावर कोणाचे नाव लागायचे, याचा निकाल अनेक वर्षे लागला नव्हता.

आता मात्र तो लागणार होता. नीनाताई शुक्रवारी दुबई सोडून मुलीकडे, अल्माटीला, कायमच्या जाणार होत्या.

बुधवारी दत्तप्रसाद कामावरून लवकर परतले. जानेवारीचे सौम्य ऊन स्वयंपाकघरात शिरले होते. ओट्याशी छायाबाई कापसाचा बोळा घेऊन एका बशीच्या पाठीवर काहीतरी जोराजोराने घासत होत्या. हवेत उग्र, गोडसर वास पसरला होता.

"काय चाललंय?"

"नीनाताईंची बशी. टिक्क्या पाठवल्या होत्या त्यांनी. अहो, त्यांनी माझं पाहून नेलपॉलिश लावलंय बघा मागे, आणि काय थापलंय. अर्धी बाटली रिमूव्हर संपला, हलायला तयार नाही."

ही समजूत आकाशातून पडलेली नव्हती. मंडळाच्या हळदीकुंकवाला घरोघरची भांडी एकत्र होत, आणि कोणाचे पातेले कोणाच्या घरी जाऊ नये म्हणून प्रत्येकीने आपल्या भांड्याच्या बुडाला नेलपॉलिशचा ठिपका लावलेला असे. छायाबाईंचा लाल, मंडळातल्या प्रज्ञाचा जांभळा. नीनाताईंनी एकदा त्या लाल ठिपक्यामागचे कारण विचारून घेतले होते. तेव्हा त्यांच्या बशीमागे हिरवे काही दिसताच छायाबाईंनी जे अनुमान काढले, ते त्यांच्या अनुभवविश्वात अगदी निर्दोष होते. बाई आता गाव सोडून निघाली, खुणेची गरज संपली, तर बशी लख्ख करावी, इतकाच त्यांचा हेतू.

दत्तप्रसादांनी बशी हातात घेतली आणि ती उजेडाकडे नेली.

बशीच्या दर्शनी बाजूला, कडेने, रानफुले विखुरली होती. निळी, तांबडी, आणि त्यांच्यात राय धान्याची पिवळी कणसे. मध्यभाग कोरा, पांढरा. पाठीवर एका बाजूला निळ्या रंगात विळा-हातोडा, त्याला लागून यंत्राच्या चाकाचे दाते, आणि खाली साल: १९२१. त्याच्याजवळ, बरोबर मध्यावर, अंगठ्याएवढा एक लंबगोल हिरवा ठिपका.

ही खूण त्यांनी पुस्तकांतून इतक्यांदा पाहिली होती, की झोपेतही ओळखली असती. राज्यक्रांती झाली तेव्हा सम्राटाच्या कारखान्यात पांढऱ्या, न रंगवलेल्या बश्यांच्या चळती पडून होत्या. प्रत्येकीच्या पाठीवर सम्राटाचे अक्षर होते. माती वाया घालवण्याजोगी संपन्नता नव्या राज्यापाशी नव्हती. म्हणून ते अक्षर हिरव्या रंगाने झाकून टाकायचे, शेजारी विळा-हातोडा काढायचा, आणि समोरची बाजू नव्या चित्रांनी रंगवायची, अशी रीत पडली. एकाच बशीच्या पाठीवर दोन राज्ये: एक मिरवणारे, एक दडपलेले. आणि त्या दडपणावर त्यांची धर्मपत्नी नेलपॉलिश रिमूव्हर चोळत होती.

त्यांनी छायाबाईंच्या हातातला बोळा काढून घेतला. छायाबाई घाबरल्या. "काय झालं? खराब झालं का काही?"

त्यांनी भिंग मागितले. ठिपक्याची कड तपासली. कुठे टवका नाही, कुठे पापुद्रा सुटलेला नाही. मग ओट्यावरचे कापसाचे बोळे एकेक करून पाहिले. ते सगळे पांढरेच होते. हिरवट छटासुद्धा कुठे नव्हती. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरचे भय मावळले आणि त्याच्या जागी असे काही उमटले, की छायाबाईंनी पदराने हात पुसले आणि त्या मुकाट्याने त्यांच्याजवळ येऊन उभ्या राहिल्या.

हा रंग भट्टीत भाजलेला होता. बनावट करणारा माणूस जुन्या बशीवर थंड, न भाजलेला रंग थापतो, कारण जुनी झिलई पुन्हा आचेला दिली तर तिच्यावर काळे डाग फुटण्याची धास्ती असते, आणि थंड रंग अशा द्रवाच्या पहिल्या स्पर्शाला कापसावर उतरतो. हे ज्ञान असूनही दत्तप्रसादांनी अशा बशीवर ती परीक्षा घेण्याचे धाडस जन्मात केले नसते. ज्याला त्यांनी अविचार म्हटले असते, तो पत्नीने चांगल्या मनाने, भरपूर जोर लावून पार पाडला होता.

"ये इकडे," ते म्हणाले आणि बाल्कनीत गेले.

समोरच्या दोन मनोऱ्यांच्या फटीतून पश्चिमेचे ऊन थेट येत होते. त्यांनी बशीची पाठ सूर्याकडे केली आणि चेहरा आपल्याकडे. क्षणभर नुसते ऊन दिसले. मग बशीचा पांढरा मध्य आतून उजळत गेला, शिंपल्याच्या आतल्या अंगासारखा, आणि त्या उजेडात हिरव्या ठिपक्याची सावली उमटली. त्या सावलीच्या पोटात आणखी एक, अधिक गडद सावली होती. आधी मुकुटाचे टोक दिसले. मग दोन उभ्या रेघा आणि त्यांना सांधणारी आडवी. इंग्रजीतल्या एच्‌सारखे दिसणारे, पण रशियन लिपीत "न" असणारे अक्षर. त्याच्या अंगात दोन उभे दंड: निकोलाय दुसरा. पलीकडून पाहिले तरी ते अक्षर उलटे होत नव्हते. अलीकडून जसे, तसेच पलीकडून. खालचे सालाचे आकडे मात्र आरशात पाहावे तसे उलटे उमटले होते: १९१२.

 खाली तळ्याकाठी लोक फेऱ्या मारीत होते, मेट्रो सरकत होती, आणि एकतिसाव्या मजल्यावर एक राजा हिरव्या पडद्याआडून शंभराहून अधिक वर्षांनी बाहेर पाहत होता. दत्तप्रसादांनी बशी आणखी वर, उन्हात धरली. बशी पडेल या भीतीने छायाबाईंनी खालून आपलाही हात लावला.

"केवढी हलकी आहे हो," त्या हळूच म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, बशी आत टेबलावर मऊ टॉवेलवर ठेवून झाल्यावर, त्यांनी सकाळची हकीकत सांगितली.

टिक्क्या देताना नीनाताई म्हणाल्या होत्या, की ही बशी परत करू नका, तुम्हालाच ठेवा. त्यांची आजी त्या कारखान्यात चित्रे रंगवीत असे. उपासमारीचा हिवाळा, कार्यशाळेत शेगडी नाही, बोटे इतकी गारठलेली की कुंचला तोंडाच्या वाफेवर धरावा लागे. हात घसरून एक पाकळी बिघडली, म्हणून बशी विक्रीला न जाता आजीच्या घरी आली. नीनाताईंची आई लहानपणी त्यांना कानात सांगे, की या हिरव्याखाली झार झोपलाय, शाळेत बोलू नकोस. हे हिरवे म्हणजे फुलांची पाने, अशी छायाबाईंची आतापर्यंत समजूत होती. पुढे मोठेपणी नीनाताईंनी आईला एकदा फटकारलेही होते, की आता पुरे तुझे झार. मागल्या वर्षी दुबईतल्या एका जाणकार म्हणवणाऱ्या विक्रेत्याने बशी दुकानातल्या उजेडात बघता न बघता सांगितले, की खाली काही नाही, ही अलीकडची नक्कल. तेव्हापासून ती घरातल्या रोजच्या वापरात आली; खोटी बशी दत्तप्रसादांना दाखवायची नीनाताईंना लाज वाटत होती. खरी असती तर नातीला दिली असती, आईच्या गोष्टीसकट, असे नीनाताई म्हणाल्या. खोटी गोष्ट पोरीच्या गळ्यात कशाला बांधायची.

दत्तप्रसाद खुर्चीवर बसले. हयातभर जे अक्षर शोधले, ते चालून घरी आले होते. कोणी ते त्यांच्याकडे मागत नव्हते. खोटे बोलण्याचीही गरज नव्हती. शुक्रवारपर्यंत गप्प राहिले की पुरे. आणि वाद घालण्याची सवय असलेल्या माणसाला स्वतःशी वाद घालायला कितीसा वेळ लागणार? वस्तू देणारीने स्वखुशीने दिली. तज्ज्ञाचा अभिप्राय तिने आधीच घेतला होता. तिच्या घरी ती टिक्क्या वाढण्याच्या कामी आली. इथे तिला कपाट, काच आणि ओळखणारी नजर मिळेल. नात काय, उद्या ती मायक्रोवेव्हमध्येही घालील. एकेक मुद्दा निर्दोष होता. कपाटातल्या वरच्या फळीवर, मधोमध, एक जागा त्यांनी न ठरवता नेहमी रिकामी ठेवलेली होती. त्यांची नजर तिकडे गेली आणि तिथेच राहिली.

हे सगळे मुद्दे त्यांनी छायाबाईंना क्रमवार ऐकवले. छायाबाईंनी मध्ये एकदाही तोडले नाही.

"तुमचं सगळं बरोबर असेल," शेवटी त्या म्हणाल्या. "असेल" या शब्दावर पतीने हरकत घेतली नाही, हे त्यांच्या लक्षात आले. "मला एवढंच शिकवलंय, की भांडं रिकामं परत करायचं नाही. परतच करायचं नाही, हे मला कुणी शिकवलं नाही."

यावर दत्तप्रसादांपाशी मुद्दा होता. तो त्यांनी मांडला नाही.  मग उठून त्यांनी भिंगाने कडेची फुले तपासायला घेतली, आणि एका निळ्या फुलाच्या पाकळीपाशी थांबले. तिथे कुंचला सरळ जाता जाता एकदम ढळला होता; रंगाची शेपटी बाहेर आली होती. सम्राटाचे अक्षर पाहिले त्याहून अधिक वेळ ते त्या शेपटीकडे पाहत राहिले.

छायाबाईंनी फ्रीजमधून नारळाच्या वड्या काढल्या.

नीनाताईंचे घर खोक्यांनी भरले होते. बशी पाहून त्या हसल्या आणि बोट हलवून म्हणाल्या, की हे नियमाबाहेर आहे, शेवटचा पदार्थ माझा होता. दत्तप्रसादांनी वड्या दुसऱ्या ताटलीत काढून ठेवल्या आणि बोलायला सुरुवात केली. भट्टी, झिलई, थंड रंग, कापसाचे बोळे. कोर्टात बाजू मांडावी तसे एकामागून एक. नीनाताईंनी वर्गातल्या हुशार पण बडबड्या मुलाचे ऐकावे तसे ऐकले. मग म्हणाल्या, की तुम्ही माझे मन राखण्यासाठी हे सांगता आहात, आणि ते मला आवडत नाही.

"नीना अर्काद्येव्हना," दत्तप्रसाद म्हणाले, "मी कुणाचं मन राखण्यासाठी कधी काही बोललो आहे का, ते माझ्या बायकोला विचारा."

छायाबाईंनी ठामपणे नकारार्थी मान हलवली.

ऊन केव्हाच मनोऱ्यांमागे गेले होते. छायाबाईंनी खोलीतला दिवा मालवला, दत्तप्रसादांनी मोबाइलचा टॉर्च बशीच्या पाठीला लावला, आणि नीनाताईंना समोर उभे केले. अंधारात बशीचा मध्य चंद्रासारखा उगवला. त्यात मुकुट, मग अक्षर.

नीनाताई पुढे झुकल्या. त्यांनी अक्षर वाचले, खालचे उलटे आकडे वाचले, ओठ हलवून पुन्हा वाचले.  मग रशियनमध्ये, अगदी सहज, जणू शेजारच्या खोलीतल्या कुणाला सांगावे तशा आवाजात दोन वाक्ये बोलल्या. त्यात "मामा", म्हणजे आई, एवढाच शब्द त्या दोघांना कळला, आणि तेवढा पुरला.

दिवा लागल्यावर त्यांनी बशी दोन्ही हातांनी घेतली आणि छातीशी धरली. ही तुम्हीच ठेवा, असे त्या म्हणाल्या नाहीत. म्हणतील अशी आशा दत्तप्रसादांच्या मनाच्या एका कोपऱ्यात होती. ती तिथेच विझली, आणि विझताना फारशी पोळलीही नाही. घसरलेली पाकळी त्यांनी नीनाताईंना दाखवली. नीनाताईंनी तिच्यावर बोट ठेवले आणि ते तसेच राहू दिले.

निघताना नीनाताई स्वयंपाकघरात गेल्या आणि छायाबाईंचा स्टीलचा डबा घेऊन आल्या. तो भरून द्यायचा होता, पण सगळे सामान बांधून झाले होते. झाकणावर टिंबाटिंबांनी कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवीत त्यांनी विचारले, की इतकी वर्षे विचारायचे राहिले, हा कुठला झार?

"माझा मामा," छायाबाई म्हणाल्या. "विजयकुमारमामा. लग्नात दिलेला डबा आहे. हे माझं नाव, हे त्याचं, आणि खाली साल."

नाव, आणि खाली साल. दत्तप्रसाद झाकणाकडे बघतच राहिले.

नीनाताईंनी विचारले, की हा मी नेला तर चालेल का? म्हणजे माझ्याकडे तुमचे एक भांडे राहील आणि ते परत करायचे बाकी राहील. छायाबाई घुटमळल्या, मामाची ती एकच आठवण उरली होती. मग त्यांनी वड्या त्या डब्यात भरल्या, झाकण घट्ट दाबले आणि डबा नीनाताईंच्या हातात दिला.

घरी आल्यावर दत्तप्रसाद काचेच्या कपाटाकडे न जाता स्वयंपाकघरात गेले. त्यांनी मांडणीवरची भांडी एकेक उतरवून ओट्यावर पालथी घातली: पातेली, वाट्या, तांब्या, परात. आत्याचे नाव, मावशीचे, कुठल्याशा शाळेतल्या बाईंचे. कुठे वाकडे, कुठे मात्रा सुटलेली, कुठे सालातला एक आकडा झिजून गेलेला. साऱ्या सम्राटांच्या बश्या पालथ्या करून पाहणाऱ्या माणसाने आपल्या घरचे पातेले आजवर एकदाही पालथे केले नव्हते. भिंग लावून ते वाचत राहिले. छायाबाई दारात उभ्या होत्या.

एका वाटीच्या बुडाशी लाल ठिपका होता. दत्तप्रसादांनी सवयीने त्याची कड नखाने तपासली, आणि अर्धा ठिपका नखासरशी निघून आला.

"कच्चा आहे," ते अपराध्यासारखे म्हणाले.

"नेलपॉलिशच ते. भट्टी कुठून आणू?"

"बाटली आहे का घरात? लाल?"

छायाबाईंनी बाटली आणून दिली. दत्तप्रसाद टेबलाशी बसले, चष्मा पुसला, श्वास रोखला, आणि उरलेल्या अर्ध्या ठिपक्याशी कड जुळवून, हात जराही न ढळू देता, तो पुरा करू लागले.